पूर्वपक्षाची चार पानं

शत्रूची बाजू शत्रूपेक्षा चांगली मांडता येत नसेल तर वादाला उभंच राहू नये, असं शशिधर केळुसकर गेली बत्तीस वर्षं कोलोनमधल्या विद्यार्थ्यांना सांगत आला होता. भारतीय न्यायशास्त्र, म्हणजे वादाचं आणि तर्काचं शास्त्र, हा त्याचा विषय. त्या शास्त्राची रीतच अशी की आधी पूर्वपक्ष करायचा, म्हणजे विरोधकाचे सगळे आक्षेप त्याच्यापेक्षा धारदार करून लिहायचे, आणि मग उत्तरपक्षात ते एकेक करून खोडायचे. विद्यार्थ्यांना याची गंमत वाटे. त्याच्या बायकोला, कुमुदिनीला, अजिबात वाटत नसे. "यांना दूध आणायला सांगितलं तरी आधी न आणण्याची दहा कारणं ऐकावी लागतात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

तर या रीतीपायी एका भल्या माणसाचं वाटोळं झालं, त्याची ही गोष्ट. खरं तर रीतीपायी म्हणणं हेही अर्धंच खरं आहे.

भला माणूस म्हणजे मार्सेल एक्वाला. कॅमेरूनमधल्या दुआला शहराचा, वय अठ्ठेचाळीस, ब्राउख फाउंडेशनच्या तत्त्वज्ञान केंद्रात अकरा वर्षं शशिधरच्या शेजारच्या खोलीत बसणारा. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेतून जगभर विखुरलेल्या काळ्या माणसांनी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जे तत्त्वचिंतन केलं ते तो शिकवायचा. केंद्रात या विषयाला खोली एक आणि माणूसही एकच. शशिधरचंही तसंच, पण त्याची नोकरी कायमची होती आणि मार्सेलची दर दोन वर्षांनी नव्याने सही करायची.

दोघांची मैत्री जमली ती मात्र तत्त्वज्ञानावर नव्हे, सुकटीवर. कुमुदिनी वेंगुर्ल्याची. सुकट आणि सोडे मिळतात म्हणून आयगेलश्टाइन भागातल्या आफ्रिकन दुकानात ती दर महिन्याला जायची. तिथे हा उंच माणूस सुक्या कोळंबीचं पाकीट नाकाला लावून दुकानदाराशी भांडत होता, की ही कोळंबी जुनी आहे. कुमुदिनीनेही पाकीट हुंगलं आणि त्याच्या बाजूने भांडली. मग कळलं की हा तर यांच्याच केंद्रात नवीन आलाय. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार मार्सेल, त्याची परिचारिका बायको सोलांज आणि लेक केळुसकरांकडे जेवायला. कुमुदिनीच्या माशांच्या तिखल्याला नावं न ठेवणारा कोलोनमधला हा एकच परका माणूस, आणि तिने त्याला कधीच परका मानला नाही.

जेवताना मार्सेल बोलायचा. त्याचं एक आवडतं म्हणणं होतं. दारावर कोणीतरी उभा आहे आणि तुम्हाला विचारतोय, तू विचार करू शकतोस याचा पुरावा दाखव. पुरावा दाखवलात, तर त्याचा दारावर उभं राहण्याचा हक्क तुम्हीच मान्य केलात. नाही दाखवलात, तर आत जाता येत नाही. अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टहून लहानपणी आणलेला एक आफ्रिकी माणूस जर्मन विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवून गेला, आणि त्याच शतकात इथल्याच थोर पंडितांनी लिहून ठेवलं की काळ्या माणसाला बुद्धीच नाही. पुरावा समोर होता, पण दारावरच्याला तो नकोच होता. मार्सेल म्हणायचा की काळ्या माणसाचं आधुनिक तत्त्वज्ञान याच पेचातून निघालं, मग ते लागोसचं असो, कॅरिबियन बेटांवरचं असो की शिकागोचं.

शशिधर मान डोलवायचा, कारण हा पेच त्यानेही सोसला होता. १९८४ साली तो इथे शिकवायला आला तेव्हा त्याच्या वरिष्ठ प्राध्यापकांनी चहा पिता पिता सांगितलं होतं, "भारताकडे धर्म आहे, केळुसकर, तत्त्वज्ञान नाही." त्यानंतर वीस वर्षं त्याने पंचावयवी वाक्य, हेत्वाभास, प्रमाणं यांचा असा काही मारा केला की शेवटी केंद्राने त्याला एक खोली आणि दोन कपाटं दिली. ग्रंथ दाखवा म्हणाले, ग्रंथ दाखवले. तर्क दाखवा म्हणाले, तर्क दाखवला. सासूने घेतलेल्या परीक्षेत सून पहिली आली. आणि अशा सुनेचं पुढे काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

२०१६ सालच्या मार्चमध्ये मार्सेलवर वेळ आली. तात्पुरत्या करारावर बारा वर्षं झाली की पुढे करार नाही, असा नियम. एक तर कायमची जागा, नाहीतर नारळ. केंद्राने एक कायमची जागा जाहीर केली, मार्सेलने आपल्या नव्या ग्रंथाचं हस्तलिखित जोडून अर्ज केला, आणि सातजणांच्या निवड समितीने त्यावर तीन तज्ज्ञांचे अहवाल मागवले. बाहेरचे दोन, आतला एक. आतला अर्थातच शशिधर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, या विषयात, दुसरी जागा अख्ख्या जर्मनीत नव्हती. ही गेली तर मार्सेलचं तत्त्वज्ञान संपलं. हे त्याला माहीत होतं आणि शशिधरलाही.

"सरळ लिहून टाका ना," कुमुदिनी म्हणाली. "माणूस विद्वान आहे, शिकवतो छान, जागा द्या. आल्झो, म्हणजे तीन ओळींचं काम."

"असं नसतं ते," शशिधर म्हणाला. "नुसतं कौतुक केलं तर समितीवाले म्हणतील, मित्र आहे म्हणून लिहिलं. मी आधी यांचे सगळे आक्षेप घेतो. यांच्या मनातले, यांना नीट मांडता न येणारे. आणि मग एकेक उडवतो. तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि कोणी अर्धंच वाचलं तर?"

"जर्मन लोक अर्धं वाचत नाहीत," शशिधर म्हणाला.

हस्तलिखित तीनशे वीस पानांचं होतं. वूरी नदीच्या मुखाशी असलेल्या एका कोळ्यांच्या वस्तीत झाडाखाली भरणाऱ्या सभा मार्सेलने चार वर्षं ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यातला एक वाद त्याने ग्रंथाच्या मध्यभागी ठेवला होता. एका कोळ्याने मरणाऱ्या भावाला शब्द दिला होता की त्याची होडी परक्याच्या हाती जाणार नाही. तो शब्द आता पाळायचा की नाही? वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, जिवंत माणसाला दिलेल्या शब्दातून तो माणूस तुम्हाला मोकळं करू शकतो. मेलेला करू शकत नाही. म्हणून मेलेल्याला दिलेला शब्द सगळ्यांत पक्का. मार्सेलचं म्हणणं, हा युक्तिवाद आहे, आणि तो करणारा तत्त्वज्ञ आहे. कागद नसला म्हणून काय झालं.

शशिधरने पहिली शंभर पानं नीट वाचली. पुढचं त्याला माहीत होतं. अकरा वर्षं रविवारी तेच तर ऐकत आला होता. होडीची गोष्ट त्याने तिखल्याबरोबर किमान चारदा खाल्ली होती.

पूर्वपक्ष त्याने एका बैठकीत लिहिला. चार पानं झाली आणि पेन एकदाही थांबलं नाही. त्याने लिहिलं, की इथे ग्रंथ नाही, म्हणून परंपरा नाही. त्याने लिहिलं, की म्हाताऱ्याचं विधान सुंदर आहे, पण ते सुभाषित आहे. युक्तिवाद आक्षेपातून सिद्ध होतो, आणि या सभेत एकही आक्षेप नोंदलेला नाही. सगळे मान डोलावतात, आणि मान डोलावणं म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. त्याने लिहिलं, की हे काम मोलाचं असलं तरी त्याची जागा मानववंशशास्त्रात आहे. वाक्यं अशी उतरत होती की त्याला स्वतःचाच हेवा वाटला. बत्तीस वर्षांत इतकं चांगलं जर्मन त्याच्या हातून लिहिलं गेलं नव्हतं.

उत्तरपक्षाला तीन दिवस लागले आणि पान भरलं दीड. मौखिक परंपराही आदरणीय असतात. तत्त्वज्ञानाची व्याख्या व्यापक असायला हवी. डॉ. एक्वाला परिश्रमी आहेत. शेवटी जागेसाठी शिफारस. शशिधरने ते वाचलं तेव्हा त्यालाही ते पाणी घातलेल्या ताकासारखं लागलं, पण मुदत संपत आली होती आणि शिफारस तर स्पष्ट होती. पाठवून दिलं.

मे महिन्यात संचालिका फ्राउ रेंचलर यांनी त्याला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. कॉफी स्वतः ओतली.

"तुमच्या अहवालाने आमचं काम सोपं केलं," त्या म्हणाल्या. "बाहेरचे दोन अहवाल एकमेकांना छेद देणारे होते. तुमचा निर्णायक ठरला. मित्राबद्दल इतकं प्रामाणिक लिहायला धैर्य लागतं."

शशिधरला आधी वाटलं, जागा मिळाली. मग त्या चार पानांतली वाक्यं त्यांनी वाचून दाखवायला सुरुवात केली.

"पण ते माझं मत नाही!" तो म्हणाला. "ती आमची पद्धत आहे. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं. उत्तर पुढे आहे."

"आम्ही उत्तरही वाचलं, हेर केळुसकर," रेंचलर बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचलं. ते सौजन्याचं आहे. 'एकही आक्षेप नोंदलेला नाही' या मुद्द्याला तुम्ही तिथे हातही लावलेला नाही."

बाई पुढे म्हणाल्या की डॉ. एक्वाला यांनी कागदपत्रं पाहायला मागितली आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा सोमवारपर्यंत शशिधरने एक तर अहवालावर कायम असल्याचं लिहून द्यावं, नाहीतर दुरुस्ती पाठवावी. दुरुस्ती आली तर सगळी प्रक्रिया नव्याने होईल. "आणि हो," त्या दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "ती जागा रिकामी राहणार नाही. न्यायशास्त्राला एक कायमचा साहाय्यक मिळावा असं समितीला वाटतं. तुमच्या निवृत्तीनंतर विषय बंद पडू नये म्हणून."

ट्रॅममध्ये शशिधरने ठरवलं की दुरुस्ती पाठवायची. हा निश्चय खरा होता. त्याला मार्सेल आवडत होता, आणि आपण याचा गळा कापला आहे हे त्याला कळलं होतं.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हस्तलिखित उघडून तो बसला. कुमुदिनी समोर मेथी निवडत होती. आक्षेपाच्या मुद्द्याला खरं उत्तर शोधायचं होतं, म्हणून या वेळी त्याने शंभराव्या पानापासून पुढे वाचायला घेतलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तो थांबला.

सभेत एक बाई उठली होती. मासे धुरावणारी, विधवा, नाव मार्था. ती म्हाताऱ्याला म्हणाली, ज्याला दुःखच होऊ शकत नाही त्याला दिलेला शब्द मोडला तर नुकसान कोणाचं झालं? नुकसान नसेल तर अपराध कसला? कोणीही मान डोलावली नाही, असं मार्सेलने नोंदवलं होतं. मग म्हातारा म्हणाला, नुकसान शब्द देणाऱ्याचं झालं. शब्द घेणारा मेला, पण देणारा जिवंत आहे, आणि उद्या त्याचा शब्द कोण घेईल? त्यावर मार्थाने पुन्हा आक्षेप घेतला. तिसऱ्या माणसाने दोघांनाही चूक ठरवलं. असं बावीस पानं चाललं होतं. शशिधरने त्या बावीस पानांवर आक्षेप मोजले. नऊ भरले. आयुष्यात इतका नीटस वाद त्याने संस्कृत ग्रंथांतही क्वचित पाहिला होता.

"काय झालं?" कुमुदिनीने विचारलं. त्याचा चेहरा तसाच झाला असणार.

"इथे आक्षेप आहेत," तो म्हणाला. "मी लिहिलंय, एकही नाही म्हणून."

"म्हणजे तुम्ही हे वाचलंच नव्हतं?"

त्याने हस्तलिखित मिटलं. कुमुदिनीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "अहो, मग तेवढंच लिहा. वाचायचं राहून गेलं, चूक झाली. जीव जात नाही तेवढ्याने."

त्याने खरंच लिहायला घेतलं. 'अहवाल लिहिताना मी हस्तलिखित संपूर्ण वाचलेलं नव्हतं.' हे वाक्य त्याने लिहिलं आणि पाहिलं. फ्राउ रेंचलर ते वाचतील. समितीतले सातजण वाचतील. ज्या माणसाने बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं की विरोधकाला त्याच्यापेक्षा चांगलं जाणून घ्या, त्याने मित्राचा ग्रंथ शंभराव्या पानावर मिटला होता. दुसरंही एक होतं, आणि ते जास्त बोचत होतं. तो वाचायचा थांबला कारण पुढे काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याच्या घराण्यात चार पिढ्या वेद तोंडपाठ करून जगल्या, त्याला तो मौखिक परंपरा म्हणायचा. वूरीकाठच्या कोळ्यांचं बोलणं म्हणजे मात्र गप्पा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पूर्वपक्ष इतका सुरेख उतरला त्याचं कारण त्याला आता कळलं. ते शत्रूचं म्हणणं नव्हतंच, त्याचं स्वतःचंच होतं.

वाक्य त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. सोमवारी सकाळी त्याने एक ओळ पाठवली, 'मी माझ्या अहवालावर कायम आहे,' आणि कुमुदिनीला सांगितलं की दुरुस्ती पाठवली, बघू आता काय करतात ते. तिने विश्वास ठेवला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मार्सेल न कळवता आला. जर्मनीत असं कोणी येत नाही. बूट काढले, कोच सोडून खुर्चीवर बसला आणि फाइल मांडीवर ठेवली. कुमुदिनी लगबगीने चहा टाकायला आत गेली.

"मी वाचलं," मार्सेल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण डोळे झोप न झालेल्या माणसाचे होते. "ती चार पानं वगैरे राहू दे. तुझी पद्धत मला माहीत आहे, शशी. अकरा वर्षं ऐकतोय. मी तुला जाब विचारायला आलो नाही. एकच प्रश्न विचारायला आलोय."

"विचार."

"मी वकिलाकडे गेलो होतो. तो म्हणतो, तज्ज्ञाचं मत कितीही चुकीचं असलं तरी त्यावर तक्रार चालत नाही. मत ते मत. पण तज्ज्ञाने ग्रंथ न वाचताच अहवाल दिला असेल, तर तो अहवाल रद्द होतो. नवा माणूस नेमावा लागतो. जागा तोवर कोणाला देता येत नाही." त्याने फाइल उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "तू लिहिलंयस, एकही आक्षेप नोंदलेला नाही. एकशे त्रेचाळीसपासून एकशे चौसष्टपर्यंत दुसरं काहीच नाही. ज्याने ती पानं पाहिलीत तो असं लिहिणार नाही. तू ती वाचली नव्हतीस. असंच ना? घाई झाली असेल, राहून गेलं असेल. मला त्याचा राग नाही. समितीपुढे तू एवढंच बोल, की राहून गेलं. पुढच्या महिन्यात सोलांजची नाइट ड्यूटी बंद करायचं आम्ही ठरवलं होतं, शशी. मुलीची परीक्षा आहे."

मार्सेलने जणू दार उघडून धरलं होतं आणि शशिधरला फक्त त्यातून बाहेर यायचं होतं. तोंडातून दोन शब्द काढायचे, 'नव्हती वाचली', आणि समोरच्या माणसाचं आयुष्य त्याला परत द्यायचं. शशिधरला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. शनिवारी लिहून खोडलेलं वाक्यही दिसत होतं, आणि केंद्राच्या कॉरिडॉरमध्ये ते एकमेकांना सांगणारे सातजण. केळुसकर वाचत नाही. मित्राला दगा दिला म्हणाले असते तर तो मान खाली घालून जगला असता. पण न वाचता लिहिणारा पंडित?

"वाचली होती," तो म्हणाला.

"कधी?"

"अहवाल लिहायच्या आधी. मला ते आक्षेप आक्षेप वाटले नाहीत. ते माझं मत आहे."

मार्सेलने फाइलवरचा हात उचलला. कुमुदिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. किटामधल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, पोरांना पंचवीस वर्षं सांभाळून तिचं जर्मन शशिधरपेक्षा सफाईदार झालं होतं आणि तिने शब्द न् शब्द ऐकला होता.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "मागच्या शनिवारी वाचलंत तुम्ही ते. माझ्यासमोर. आणि दुरुस्ती पाठवली म्हणालात ना मला?"

मार्सेलने तिच्याकडे पाहिलं आणि मग शशिधरला विचारलं, "काय म्हणाली ती?"

"चहा घेणार का विचारतेय," शशिधर म्हणाला.

मार्सेल पुन्हा कुमुदिनीकडे वळला आणि थांबला. ती काही सांगेल असं त्याला वाटलं असावं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. टेबलावर ट्रे ठेवला, कप बशीत सरळ केला. अकरा वर्षं तिने या माणसाच्या चहात कधी साखर घातली नव्हती.

"साखर किती घालू?" तिने जर्मनमध्ये विचारलं.